दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या मामांना रात्री गाडीने उचलून नेलं, कुठे शोधू? आणि रस्त्यावर झोपणं गुन्हा आहे का?

गौरी_धनकवडी

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, तीन दिवस डोक्यातून हे जातच नाहीये.

आमच्या कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे, ते बंद झालं की पायरीवर एक मामा झोपतात. चार वर्षं तरी बघतेय मी त्यांना. साठीच्या आसपास वय असेल, जालन्याकडचे आहेत, गावी जमीन नाही, बायको गेली, मुलीचं लग्न झालंय. लग्नसराईत केटररकडे भांडी घासायला आणि वाढपी म्हणून जातात, एरवी मार्केटयार्डात कांदा निवडायला. सकाळी सहाला उठून पायरी स्वतः झाडून जातात. वळकटी आणि पिशवी दिवसभर चहाच्या टपरीवाल्या दादांकडे असते. दुकानदाराची पण काही तक्रार नाही, शटरला राखण होते असं तोच म्हणतो. माझ्या मुलीला ते कधीतरी गोळी देतात, आम्ही दिवाळीला फराळ देतो, ओळख एवढीच.

गुरुवारी रात्री साडेबाराच्या सुमारास एक जाळीची गाडी आली, दोघं वर्दीत आणि तीनजण साध्या कपड्यात. मामांना आणि पुढे पुलाखाली झोपणाऱ्या चारजणांना गाडीत बसवलं. टपरीवाले दादा तेव्हा आवराआवर करत होते, त्यांनी बघितलं सगळं. मामा सांगत होते की मी भीक मागत नाही हो, कामाला जातो, उद्या पण लग्न आहे, तर म्हणे ते तिकडे साहेबांना सांग. वळकटी मागून आलेल्या कचऱ्याच्या गाडीत टाकली. कुणीतरी मोठा पाहुणा त्या रस्त्याने जाणार आहे म्हणून साफसफाई चालू आहे असं दादांच्या कानावर आलं.

शुक्रवारी मी दोन ठिकाणी जाऊन विचारलं, दोन्हीकडे उत्तर एकच की आमच्याकडे अशी काही नोंद नाही, आमची गाडी नव्हती. मग कुणाची होती? माणूस गेला कुठे? घरी बाबा म्हणतात तू कशाला त्यात पडतेस, आपल्याला त्यातलं काय कळतं. खरंय, मला त्यातलं काहीच कळत नाही म्हणूनच इथे विचारतेय. नुसतं झोपलं म्हणून एखाद्याला असं नेता येतं का? कुणी वकील किंवा या कामातलं असेल तर प्लीज सांगा.

वकील_नारायणपेठ

गौरीताई, आधी शोधायचं बघू, कायदा मग सांगतो.

भिक्षेकरी म्हणून धरलं असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि मग भिक्षेकरी गृहात ठेवतात, आपल्याकडे ते येरवड्याला फुलेनगरला आहे. तिथे जाऊन नाव, अंदाजे वय, कुठल्या रात्री नेलं ते सांगा आणि रजिस्टर बघायची विनंती करा. ससूनला अपघात विभागात विचारा, महापालिकेच्या निवारा केंद्रांवर विचारा. फोटो असेल तर जवळ ठेवा, आणि केटररकडून दोन ओळींचं पत्र घ्या की हा माणूस आमच्याकडे कामाला असतो, ते फार उपयोगी पडेल. अटक झाली असेल तर चोवीस तासांत कोर्टासमोर आणायलाच लागतं आणि अटक केल्याचं नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला कळवावं लागतं. चोवीस तासांचं घटनेतच आहे, आणि डी. के. बसू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अटकेची, घरच्यांना कळवायची सगळी पद्धत लिहून दिलीय. नोंदच नाही असं सांगत असतील तर ती जास्त काळजीची गोष्ट आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. मी चौदा वर्षं मॅजिस्ट्रेट कोर्टात काम करतोय, हा कायदा किती जुना आणि किती लांबवर हात पोचणारा आहे हे वकिलांनाही वाचल्याशिवाय पटत नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यात भीक मागणं म्हणजे हात पसरणं एवढंच धरलेलं नाही. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, काहीतरी विकायच्या निमित्ताने पैसे मागणं, जखम किंवा व्यंग दाखवणं हे तर आहेच, पण एक पोटकलम असं आहे की ज्याच्याकडे पोट भरायचं साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की हा भिकेवर जगत असेल असं वाटावं, तोही भिकारीच. म्हणजे त्याने कुणाकडे एक रुपया मागितलेला असण्याची गरजच नाही, बघणाऱ्याला वाटलं की पुरे. कपडे मळलेले, दाढी वाढलेली, शेजारी वळकटी, झालं.

पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्यांदा सिद्ध झालं तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं संस्थेत ठेवायची तरतूद, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दहा वर्षं! खिसे कापणाऱ्याला एवढी होत नाही. त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांनाही संस्थेत पाठवता येईल असं एक कलम आहे त्यात. सुटकेची वाट पण आहे, कोर्टाला पटलं की हा पुन्हा मागणार नाही तर समज देऊन बाँडवर सोडता येतं, पण कोर्टाने जामीनदार मागितला तर शहरात कुणीतरी लागतं ना, आणि ज्याचं कुणी आहे तो पायरीवर कशाला झोपेल.

दिल्लीला हाच कायदा लागू केलेला होता. तिथल्या हायकोर्टाने ८ ऑगस्ट २०१८ ला त्याची पंचवीस कलमं घटनाबाह्य ठरवली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की लोकांना अन्न, निवारा, काम द्यायचं सरकारला जमलं नाही आणि मग त्या लोकांनाच गुन्हेगार ठरवायचं हे चालणार नाही. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम मात्र कोर्टाने हात न लावता ठेवलं, ते बरोबरच आहे. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टाने तिथला कायदाही रद्द केला. पण दिल्लीचा निकाल दिल्लीपुरता, महाराष्ट्रात आपल्या डोक्यावर १९५९ अजून आहे.

आणि एक गोष्ट पुणेकर म्हणून सांगाविशी वाटते. फुटपाथवर राहणाऱ्यांची मुंबईची जी प्रसिद्ध केस आहे, ओल्गा टेलिस, १९८५ ची, ज्यात पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं ठरलं, तो निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आपल्या नूतन मराठीचे आणि लॉ कॉलेजचे विद्यार्थी. आणि २०२१ मध्ये कोविडमुळे सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात आली तेव्हा लोक गरिबीमुळे रस्त्यावर येतात, आम्ही वरच्या वर्गाच्या चष्म्यातून बघणार नाही असं म्हणणाऱ्या खंडपीठावर त्यांचे चिरंजीव होते. तरी पूर्ण सांगायचं तर ओल्गा टेलिसमध्ये फुटपाथवर कायमचं राहायचा हक्क कोर्टाने दिलेला नाही, नोटीस देऊन, म्हणणं ऐकून हटवता येतं असंच म्हटलंय. पण रात्री साडेबाराला गाडीत कोंबणं हे त्यात कुठेच बसत नाही.

सातारारोडवाला

माझं मत वेगळं आहे, सगळ्यांना आवडणार नाही पण मनापासून लिहितोय.

माझी आई ७४ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. आमच्या समोरच्या फुटपाथवर तीन कुटुंबं राहतात, चुली तिथेच, आंघोळी तिथेच, मग आई रस्त्यावरून चालते आणि मागून पीएमटी येते. मागच्या पावसाळ्यात ती एकदा पडली. रात्री दारू पिऊन भांडणं होतात, मुली क्लासवरून येतात त्यांना रस्ता बदलून यावं लागतं. सिग्नलला कडेवर झोपलेलं बाळ घेऊन उभ्या असलेल्या बायका आपण सगळे बघतो, ते बाळ दिवसभर झोपलेलंच कसं असतं हा प्रश्न मला रोज पडतो. मी स्वतः महापालिकेच्या ॲपवर आणि पोलिसांकडे तक्रारी केल्यात, तीन-चार वेळा केल्यात आणि मला त्याची लाज वाटत नाही. फुटपाथ चालण्यासाठी असतो. इंदूरने बघा, १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं ठरवलं, माहिती देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. शहर स्वच्छ ठेवायचं तर कुठेतरी कडक व्हावंच लागतं.

गौरीताई तुमचे ते मामा कष्टाळू असतील, मी नाही म्हणत नाही, त्यांच्याबाबतीत चूक झाली असेल तर ती निस्तरली पाहिजे. पण सगळेच तसे नसतात.

स्मिता_रात्रपाळी

सातारारोडवाला दादा, तुमच्या आईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्यांना फुटपाथ मिळालाच पाहिजे, त्यात वादच नाही. पण मी सहा वर्षं एका संस्थेबरोबर रात्रीचा सर्व्हे केलाय, स्टेशन, स्वारगेट, मार्केटयार्ड, ससूनच्या आसपास, रात्री अकरा ते तीन, हातात बॅटरी आणि फॉर्म. त्यामुळे काही गोष्टी सांगते.

तुम्ही म्हणता सगळेच तसे नसतात. मला जे भेटले त्यातले बहुतेक कामाचेच होते. हमाल, केटरिंगवाले, मंडप बांधणारे, भंगार वेचणारे, हॉटेलात मोरीवर असलेले, दांडेकर पुलाच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहणारे बिगारी. ससूनबाहेर तर पेशंटचे नातेवाईक, नगर, बीड, सोलापूरकडचे, आत बायकोचं ऑपरेशन आणि नवरा बाहेर फुटपाथवर. घरकाम करणारी एक बाई भेटली, नवऱ्याने हाकलून दिलेली, दिवसा चार सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि रात्री देवळाच्या ओसरीवर, तिच्या कामाच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. रोज ६०० रुपये कमावणारा माणूस पुण्यात खोली घ्यायला गेला की डिपॉझिट, ॲग्रीमेंट, ओळखपत्र, आणि एकटा पुरुष म्हटलं की दार बंद, त्यात आडनावावरून वेगळंच. मग कामाच्या जवळची पायरी बरी.

भीक मागणारे नव्हते का? होते. म्हातारी माणसं, अंध, कुष्ठरोगातून बरे झालेले पण कामावर कुणी घेत नाही असे, डोक्याने आजारी असलेले ज्यांना घरच्यांनी गाडीत बसवून दिलं आणि ते पुण्यात उतरले. यांना वर्षभर कोंडून काय होणार ते मला कळत नाही. आणि बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाईचं म्हणाल तर त्याच्यामागे कुणी असेल तर त्याला पकडा ना, दिल्लीच्या निकालात तेच कलम ठेवलंय हे वर वकीलसाहेबांनी सांगितलंय. उचलली जाते ती बाई, मागचा माणूस नाही.

लोक विचारतात की निवारा केंद्रं आहेत तर तिथे का जात नाहीत. २०१३ च्या केंद्राच्या योजनेत लिहिलेलं होतं की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा कायमस्वरूपी निवारा पाहिजे, चोवीस तास उघडा, प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने ३१ निवारे. हडपसर, खराडी, वाघोली तेव्हापासून किती वाढलंय ते आपण बघतोच, आणि ३१ काय त्याच्या जवळपास पण आपण नाही आहोत. जे आहेत तिथे चांगलं काम करणारी माणसं आहेत, मी त्यांना ओळखते, पण नवरा-बायको असतील तर तो एकीकडे आणि ती दुसरीकडे. हातगाडी असेल तर ठेवायला जागा नाही. केटरिंगवाला रात्री दीडला सुटतो तोवर दार बंद. आणि मार्केटयार्डात पहाटे चारला गाड्या लागतात त्या हमालाला सात किलोमीटरवरचा निवारा काय कामाचा, रिक्षालाच अर्धी मजुरी जाईल. खाट फुकट असून उपयोग नाही, ती कामाच्या जवळ पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याला फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री डंपर चढला, आठवतंय ना? तीनजण गेले, त्यात दोन लहान मुलं. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं होती ती. हौसेने कुणी तिथे झोपत नाही हो, झोपताना प्रत्येकाच्या मनात तो डंपर असतो. बायका तर आळीपाळीने झोपतात, एकजण जागी.

आणि इंदूरचं नाव काढलंत म्हणून सांगते. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या महापालिकेच्या माणसांनी म्हाताऱ्या बेघरांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर शिप्रा गावाजवळ हायवेला उतरवलं होतं, ऐन थंडीत, काहींना नीट उभंही राहता येत नव्हतं. गावातल्या लोकांनी अडवलं, व्हिडिओ काढला, मग त्याच ट्रकमध्ये बसवून परत नेलं. एका उपायुक्ताला निलंबित करावं लागलं. स्वच्छ शहराचा नंबर पहिला होता तेव्हाही.

पोर्टलंडचा_कोथरूडकर

मी ११ वर्षं ओरेगनला आहे, इथे सध्या हाच वाद पेटलाय म्हणून लिहितो. माझ्यापासून चारेक तासांवर ग्रँट्स पास म्हणून छोटं गाव आहे, चाळीस हजाराच्या आत वस्ती. तिथे पार्कमध्ये पांघरूण घेऊन झोपलं तरी २९५ डॉलर दंड व्हायचा, नाही भरला की ५०० च्या वर जायचा, दोनदा दंड झाला की पार्कमध्ये यायची बंदी आणि ती मोडली की तीस दिवसांपर्यंत जेल असा नियम होता. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, २८ जून २०२४ ला निकाल आला, सहा विरुद्ध तीन, की यात क्रूर शिक्षा वगैरे काही नाही, गावाला असा नियम करता येतो. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी म्हटलं की झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नाही. निकालानंतर शंभराहून जास्त शहरांनी असे नियम केले किंवा होते ते कडक केले.

यातून काय होतं ते मी जवळून बघितलंय, कारण मी शनिवारी एका जेवणाच्या केंद्रावर वाढायला जातो. तिथे येणाऱ्या माणसाकडे २९५ डॉलर असते तर तो दोन-तीन रात्री मोटेलमध्ये राहिला नसता का? दंड भरला जात नाही, मग नावावर केस राहते, मग नोकरीला गेलं की बॅकग्राउंड चेकमध्ये ती येते, घर भाड्याने मागितलं तरी येते. म्हणजे रस्त्यावर झोपला म्हणून केस आणि केस आहे म्हणून कायम रस्त्यावर. तंबू उचलताना औषधं जातात, कागद जातात, एकाचं इन्सुलिन कचऱ्यात गेलं होतं. गौरी, तुझ्या मामांची वळकटी कचऱ्याच्या गाडीत टाकली हे वाचलं आणि सगळं तसंच्या तसं डोळ्यासमोर आलं. इथे पैशाला तोटा नाही, तरी हे असंच.

तिसरी_पिढी

मी पारधी समाजाचा आहे. इंजिनिअरिंग झालंय माझं, हिंजवडीत नोकरी करतो. थोडंच लिहितो.

वर वकीलसाहेब म्हणाले की बघणाऱ्याला वाटलं की पुरे. आमच्यासाठी हे नवीन नाही. १८७१ ला इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवायचा कायदा केला, पुढे कितीतरी जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरची सेटलमेंट माझ्या पणज्याने बघितलेली. देश सुटला १९४७ ला, आम्ही सुटलो ३१ ऑगस्ट १९५२ ला. आणि सातच वर्षांत याच राज्यात हा भिक्षेचा कायदा आला ज्यात पोट भरायचं साधन दिसत नसेल तर धरा. साधन कुठून दिसणार, जंगलात शिकार बंद, जमीन नाही, गावात पाल टाकू देत नाहीत. माझी आत्या स्वारगेटच्या सिग्नलला गजरे आणि मोबाईलचे स्टँड विकायची. विकायची, मागायची नाही. तिला दोनदा नेलं. दुसऱ्या वेळी माझा आत्तेभाऊ चार वर्षांचा होता, तो तिथेच दुभाजकावर बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. एका फुलवाल्या मावशीने सांभाळला.

सातारारोडवाला, तुमच्या आईला फुटपाथ मिळावा. माझ्या आत्याला कुठे बसायचं ते पण कुणीतरी सांगावं.

भवानीपेठ_जुना

माझं वय ८१. नातू टाईप करून देतोय, मी सांगतोय.

आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. आमच्या पेठेत त्या दोन रात्री पाय ठेवायला जागा नसते. दुकानाच्या पायऱ्या, शाळेचे व्हरांडे, फुटपाथ, जिन्याखाली, जिथे बघाल तिथे माणूस झोपलेला. अंगावर मळकं धोतर, शेजारी पिशवी, पाय चिखलाने भरलेले. आपण त्यांना उठवत नाही, चहा नेऊन देतो, पाय चेपतो, आमच्या घरात तर वडील त्या रात्री स्वतः ओट्यावर झोपत आणि माळकऱ्यांना आत जागा देत. त्यातल्या निम्म्या लोकांकडे गावी काय आहे? पाऊस पडला तर पीक. तिसऱ्या दिवशी पालखी दिवे घाटाकडे जाते आणि चौथ्या दिवशी त्याच पायरीवर तोच माणूस झोपला तर आपण त्याला उठवायला गाडी बोलावतो.

मी स्वतः शिकायला पुण्यात आलो तेव्हा वार लावून जेवलोय. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसरीकडे. माझ्या आधीची मुलं माधुकरी मागत, झोळी घेऊन दारोदार. त्यातले मोठे मोठे झाले आणि शहराने त्यांचे सत्कार केले. आमच्याकडे ते पवित्र आणि पोतराजाने मागितलं, नंदीवाल्याने मागितलं तर गुन्हा, हे मला कधी पटलं नाही. आम्हाला वार मिळाला तो कुणाच्या घरचे म्हणून मिळाला, हे तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं.

गौरी बेटा, तू विचारत फिरलीस हे चांगलं केलंस. बाबांना माझा नमस्कार सांग.

गौरी_धनकवडी

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट द्यायला उशीर झाला कारण काल संध्याकाळी मामा परत आले.

चालत आले. म्हणजे दोन दिवस चालले आणि शेवटचा टप्पा एका टेम्पोवाल्याने आणून सोडलं. त्यांना कुठल्याच कोर्टासमोर नेलं नव्हतं, कुठल्या संस्थेतही नाही. सोलापूर रोडने यवतच्या पुढे गाडी थांबवली आणि पाचही जणांना अंधारात उतरवलं. परत इकडे दिसू नका एवढंच सांगितलं. सही नाही, अंगठा नाही, नाव पण विचारलं नाही. म्हणूनच शुक्रवारी मला नोंद नाही म्हणाले ते एका अर्थाने खरंच होतं.

पाय सुजलेत, तळव्याला फोड आलेत, एक चप्पल गाडीतच राहिली. आमच्याकडच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. शुक्रवार आणि शनिवारची अशी दोन लग्नं बुडाली, केटररने दुसरा माणूस लावलाय आणि आता पुढच्या मुहूर्तालाच ये म्हणतोय. आधार कार्ड दादांकडच्या पिशवीत होतं म्हणून वाचलं. वळकटीत मुलीने दिलेली गोधडी होती, तिच्याबद्दल दोनदा विचारलं त्यांनी मला, की ती कचऱ्याची गाडी कुठे जाते, तिथे जाऊन बघता येईल का. मी काय सांगू त्यांना.

पण सगळ्यात वाईट म्हणजे पाचजणांपैकी एकजण परत आलेला नाही. पुलाखाली झोपणारा तो मुलगा, पंचविशीचा असेल, त्याला नीट बोलता येत नाही, स्वतःचं नाव पण कळेल असं सांगत नाही, सगळे त्याला बाळू म्हणतात. उतरवल्यावर तो उलट्या दिशेने चालायला लागला, मामांनी हाका मारल्या पण अंधारात दिसेनासा झाला. मामा तिथे सकाळपर्यंत थांबले होते त्याच्यासाठी. आता म्हणतात मी त्याचा हात धरून ठेवायला पाहिजे होता. वकीलसाहेब, याचं काय करायचं? त्याचं कुणीच नाही, तक्रार कोण देणार?

वकील_नारायणपेठ

तुम्ही द्यायची. बेपत्ता झाल्याची खबर द्यायला नातेवाईक असावं लागत नाही, शेवटचं बघणारा माणूस किंवा ओळखणारा कुणीही देऊ शकतो. मामांना बरोबर घ्या, ते साक्षीदार आहेत. जिथून नेलं त्या हद्दीत पण द्या आणि यवतकडे पण एक प्रत द्या. बोलता येत नाही, मदतीशिवाय राहू शकत नाही हे ठळक लिहा. घेत नाहीत असं वाटलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मग वरिष्ठांना पोस्टाने पाठवू. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज केला की फुकट वकील मिळतो, पण तुम्ही मला मेसेज करा, मीच येतो.

दुसरं, गाडी कुणाची होती हे शोधायलाच पाहिजे. माहिती अधिकारात त्या रात्रीचं गाड्यांचं लॉगबुक मागू, पण त्याला महिना जाईल. सीसीटीव्ही लगेच बघा, फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, आज सोमवार, वेळ फार नाहीये.

सातारारोडवाला

गौरीताई, तुम्ही म्हणताय ते हार्डवेअरचं दुकान कुठलं ते माझ्या लक्षात आलंय. आमची सोसायटी त्याच्या समोरच्या वळणावर आहे, गेटचा एक कॅमेरा रस्त्याकडे आहे. रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं. मी सेक्रेटरीला आत्ताच फोन केलाय, उद्या सकाळी आठला खोली उघडतील, तुम्ही किंवा वकीलसाहेब या, पेनड्राइव्ह घेऊन या.

वर मी तक्रारींबद्दल लिहिलं होतं. शेवटची तक्रार मी त्याच आठवड्यात केली होती, पुलाखालच्या लोकांबद्दल. मला वाटलं होतं त्यांना कुठेतरी निवाऱ्यात नेतील. यवतला माझा मावसभाऊ आहे, त्याला बाळूचं वर्णन पाठवा, तो मोटरसायकलवर हायवेचे ढाबे बघून येतो म्हणालाय.

गौरी_धनकवडी

उद्या आठला येते, बाबा पण येतायत बरोबर. मामांच्या फोनमध्ये बाळूचा एक फोटो सापडलाय, गणपतीतला, थोडा हललेला आहे पण चेहरा कळतो. तुम्हाला आणि वकीलसाहेबांना पाठवलाय. तिकडून लवकर निघायला सांगा भावाला, मामा म्हणतात तो भूक लागली तरी कुणाकडे मागत नाही.

स्मिता_रात्रपाळी

फोटो मला पण पाठव गौरी. दौंड आणि केडगावला स्टेशनवर चहा विकणारे ओळखीचे आहेत आमच्या, आज रात्रीच विचारते.